मालमत्ता कराच्या बिलापासून ॲम्ब्युलन्सपर्यंत: आपल्या वॉर्डासाठी पैसे कसे मागायचे

मालमत्ता कराचं बिल कधी नीट उलगडून बघितलंय का? त्यात झाडांसाठी वेगळी ओळ आहे, वृक्ष उपकर. रस्त्यांसाठी पथकर आहे, शाळांसाठी शिक्षण उपकर, पाण्यासाठी जल कर आणि वर जल लाभ कर, गटारांसाठी मलनिःसारण कर आणि परत मलनिःसारण लाभ कर. आग विझवायचा खर्च वेगळा दिसत नाही, पण १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कलम १४० वाचलं तर कळतं की सर्वसाधारण कराच्या पोटात अग्निशमनाचा हिस्सा कायद्यानेच धरलेला आहे. आणि रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर जी गाडी दारात यायला हवी, तिच्यासाठी त्या अख्ख्या कागदावर एक शब्द नाही.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, गेली तीन वर्षं या विषयाच्या मागे आहे, आणि त्यात जे कळलं ते क्रमाने लिहून काढतेय म्हणजे दुसऱ्या कुणाला शून्यापासून सुरुवात करायला नको. एक गोष्ट आधीच सांगते, मी नवीन कर लावा असं म्हणत नाहीये. नवीन उपकर आणायचा तर १८८८ चा कायदा विधिमंडळात बदलावा लागेल, ते आपल्या वॉर्डातून होणारं काम नाही. आपण जो सर्वसाधारण कर आत्ता भरतो त्यातूनच ॲम्ब्युलन्ससाठी नाव घालून, दर वर्षी, हिशोब दाखवता येईल असे पैसे मागायचे, एवढंच काम. आणि हे काम जमण्यासारखं आहे.

पायरी १: बिल हातात घ्या

हे ऐकायला सोपं वाटतं पण मुंबईत बऱ्याच लोकांनी स्वतःच्या घराचं मालमत्ता कराचं बिल बघितलेलंच नसतं, कारण जुन्या सोसायट्यांत बिल अख्ख्या बिल्डिंगच्या नावाने येतं, सेक्रेटरी किंवा मॅनेजरच्या फाईलमध्ये जातं आणि आपल्यापर्यंत येतो तो फक्त मेंटेनन्सच्या बिलातला 'म्युनिसिपल टॅक्स' नावाचा एक आकडा. तेव्हा सोसायटी ऑफिसमध्ये जा, बिलाची झेरॉक्स मागा. वर जो अक्षरं-आकडे मिळून १५ खुणांचा खाते क्रमांक असतो तो लिहून घ्या, पालिकेच्या साईटवर त्याच नंबरने बिल बघता येतं. बिल सहामाही असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, वेळेत नाही भरलं तर महिन्याला २ टक्के दंड चढतो.

आता ओळी वाचा. राज्य शिक्षण उपकर आणि (दुकान, ऑफिस असेल तर) रोजगार हमी उपकर हे पालिका फक्त गोळा करते, ते पैसे राज्य सरकारकडे जातात. पाण्याचे आणि गटाराचे कर त्या त्या कामाचे. वृक्ष उपकर झाडांचा. म्हणजे दवाखाने, हॉस्पिटलं, कीटकनाशक फवारणी, स्मशानं, आणि आपली ॲम्ब्युलन्स या सगळ्यांना खायला उरतो तो सर्वसाधारण कर. त्या ओळीखाली पेनाने रेघ मारा, पुढचं सगळं बोलणं त्या ओळीबद्दल आहे.

ज्यांचं घर ५०० चौरस फूट कार्पेटच्या आत आहे त्यांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. अशा माणसांना मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास सुनावतं की तुम्ही टॅक्स भरत नाही तर तुम्ही कशाला बोलता. हे बोलणं मला अजिबात पटत नाही आणि तिथल्या तिथे थांबवायला हवं. आगीचा बंब येताना कुणाचं बिल किती हे विचारत नाही. शिवाय ॲम्ब्युलन्सची गरज सगळ्यात जास्त तिथेच असते जिथे घरं लहान, गल्ल्या अरुंद आणि स्वतःची गाडी कुणाकडे नसते. चाळीतली, वस्तीतली माणसं बरोबर घेतल्याशिवाय हे काम करू नका, नाहीतर ते चार टॉवरवाल्यांचं काम होऊन बसतं.

पायरी २: कुठली गाडी कुणाच्या पैशावर पळते ते समजून घ्या

इथेच बहुतेक लोकांचा गोंधळ होतो आणि पत्र चुकीच्या दारात जातं.

१०८ ही राज्याची सेवा. २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, सुरुवातीला पूर्ण महाराष्ट्रात ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर-मॉनिटरवाल्या आणि ७०४ बीएलएस म्हणजे प्राथमिक उपचारांच्या साध्या गाड्या. गाडीत डॉक्टर असतो. फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला लागतो म्हणून पत्ता सांगताना 'नाक्यावरचं मारुती मंदिर' एवढ्यावर थांबू नका, स्टेशन, पूर्व की पश्चिम, रस्त्याचं नाव हे सगळं सांगा. हिचा पैसा राज्य सरकार आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये १०८ च्या बाईक ॲम्ब्युलन्सही आल्या, ट्रॅफिकमधून डॉक्टर आधी पोचावा म्हणून, तोही राज्याचाच पैसा. तुमच्या मालमत्ता कराचा यातल्या कशाशीही संबंध नाही.

१०२ गरोदर बायका आणि लहान बाळांसाठीची सेवा. ११२ हा पोलीस वगैरे सगळ्याचा एकत्र नंबर, १९१६ पालिकेचा आपत्ती नियंत्रण कक्ष.

पालिकेच्या स्वतःच्या गाड्या हॉस्पिटलांना जोडलेल्या असतात, आणि त्यांचा बराचसा वेळ उपनगरातल्या हॉस्पिटलमधून केईएम, सायन, नायर किंवा कूपरला पेशंट हलवण्यात जातो. म्हणजे त्या घरी येणाऱ्या गाड्या नाहीत, एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात नेणाऱ्या आहेत. हा फरक पक्का लक्षात ठेवा. 'पालिकेकडे इतक्या ॲम्ब्युलन्स आहेत' असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न हाच, घरून पेशंट उचलायला त्यातल्या किती येतात?

राहिल्या आमदार निधी, खासदार निधी, ट्रस्ट, मंडळं यांच्या गाड्या. याच्यावर थोडं थांबून बोलते कारण सगळं खरं दुखणं इथे आहे.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले एक काका, सातवा मजला, रात्री पावणेतीनला घाम फुटून खाली बसले. फोन केले, गाडी यायला वेळ लागेल असं कळलं, शेवटी भाजीच्या टेम्पोत मागे चटई टाकून नेलं. काका वाचले म्हणून हे लिहिताना हात कापत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बघितलं, घरापासून चालत दहा मिनिटांवर एका सार्वजनिक हॉस्पिटलच्या आवारात एक चांगली नवीकोरी ॲम्ब्युलन्स उभी होती, देणगीदाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं, टायरांवर धूळ. चौकशी केली तर गाडी आहे, रात्रपाळीचा ड्रायव्हर नाही. भरतीच झालेली नाही.

निधीतून गाडी येते. फीत कापली जाते, फोटो निघतो. पण निधीतून ड्रायव्हरचा पगार निघत नाही, डिझेल निघत नाही, ऑक्सिजनचा सिलिंडर भरून मिळत नाही. सरकारी भाषेत गाडी म्हणजे भांडवली खर्च आणि पगार-डिझेल म्हणजे महसुली खर्च. भांडवली एकदाच होतो, महसुली दर महिन्याला. आणि दर महिन्याच्या खर्चाला दर वर्षी येणारं उत्पन्नच लागतं, ते म्हणजे मालमत्ता कर. म्हणून कुणी 'आमच्या एरियाला ॲम्ब्युलन्स द्या' असं पत्र लिहायला लागलं की मी म्हणते थांबा, गाडी मागू नका, पाळ्या मागा. तिन्ही पाळ्यांत माणूस बसलेली गाडी.

पायरी ३: किती हव्यात याचा हिशोब

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा मापदंड असा की १ लाख लोकसंख्येमागे एक बीएलएस आणि ५ लाखांमागे एक एएलएस. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती. म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने शहराला साधारण १२४ बीएलएस आणि २५ एएलएस लागतात, आणि त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्हाला दिसतंच आहे. तुमच्या वॉर्डाची लोकसंख्या ८ लाख असेल तर ८ बीएलएस आणि निदान एक, खरं तर दोन एएलएस. हा आकडा पत्रात पहिल्या परिच्छेदात टाका. 'आमच्या इथे ॲम्ब्युलन्स कमी आहेत' हे गाऱ्हाणं झालं, 'मापदंडाने ८ हव्यात, माहिती अधिकारातल्या उत्तराप्रमाणे ३ आहेत' ही मागणी झाली.

वेळेचाही मापदंड आहे, १०८ साठी शहरात २० मिनिटांत पोचायचं ठरलेलं आहे. पण हृदय बंद पडलं असेल तर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि विजेचा शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घसरते असं डॉक्टर मंडळी सांगतात, त्या हिशोबाने २० मिनिटं हीसुद्धा फार झाली. म्हणून जवळपास उभी असलेली गाडी हवी, आणि म्हणूनच हा विषय वॉर्डाचा आहे.

पायरी ४: एका गाडीला वर्षाला किती लागतात

हा हिशोब स्वतः करून बघाच, कारण अधिकाऱ्यासमोर आकडा तुमच्या तोंडून आधी यायला हवा. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस ४८ तास काम करतो. १६८ भागिले ४८ म्हणजे साडेतीन, त्यात सुट्ट्या, आजारपण, गावाला जाणं धरलं की एका गाडीला साधारण ५ ड्रायव्हर आणि ५ तंत्रज्ञ लागतात. लोक तीन धरतात आणि मग रात्री गाडी बंद पडलेली असते, हेच कारण.

आता पुढचे आकडे मी धरलेत, तुम्ही तुमच्याकडे येणाऱ्या उत्तरातले खरे आकडे घाला. ड्रायव्हरला महिना ३० हजार, ५ जणांचे दीड लाख. तंत्रज्ञाला ४० हजार, ५ जणांचे २ लाख. डिझेल, दुरुस्ती, विमा, ऑक्सिजन, औषधं मिळून महिना १ लाख. झाले महिन्याला साडेचार लाख, वर्षाला ५४ लाख. गाडी सगळ्या सामानासकट ३५ लाखांची आणि ७ वर्षं चालली तर वर्षाला आणखी ५ लाख. म्हणजे ६० लाखांच्या आसपास.

पालिकेने २०२५-२६ च्या बजेटमध्ये मालमत्ता करातून ५,२०० कोटी येतील असं धरलं होतं. त्याचा एक टक्का म्हणजे ५२ कोटी. ६० लाखांनी भागा, ८६ गाड्या चोवीस तास. मी हा भागाकार पहिल्यांदा केला तेव्हा परत परत करून बघितला कारण चुकला असं वाटलं. शंभर रुपयांतला एक रुपया. या एका ओळीने आमच्या मीटिंगमध्ये जितकी माणसं जागी झाली तितकी माझ्या कुठल्याच भाषणाने झाली नव्हती.

त्याच वर्षीचं पालिकेचं एकूण बजेट ७४,४२७ कोटींचं आणि आरोग्याला सुमारे ७,३८० कोटी. म्हणजे एकटा आरोग्याचा खर्च पूर्ण मालमत्ता करापेक्षा जास्त आहे. त्यामुळे 'माझ्या टॅक्सचे पैसे' आणि 'माझ्या वॉर्डाची गाडी' अशी सरळ दोरी बांधता येत नाही, सगळं एका हौदात पडतं आणि त्यातून वाटलं जातं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, तिची भरपाई राज्याकडून येते, त्यामुळे शहराने स्वतः गोळा करायच्या करांत मालमत्ता कर हाच मोठा राहिला. म्हणून हौदातल्या वाटपाबद्दल बोलायचा हक्क सगळ्यात जास्त याच कराच्या नावाने सांगता येतो.

दुसरीकडे कसं करतात

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटल ज्या किंग काउंटीत येतं तिथे, आपत्कालीन वैद्यकीय सेवेसाठी मालमत्ता करात वेगळी पट्टी आहे. १९७९ पासून. मुदत संपत आली की लोक मतदान करून ती परत मंजूर करतात. २०२० ते २०२५ या सहा वर्षांसाठी पहिल्या वर्षाचा दर होता घराच्या दर १,००० डॉलर किमतीमागे साडेसव्वीस सेंट, म्हणजे ५ लाख डॉलरच्या घराला वर्षाला १३२ डॉलर आणि वर काही सेंट. राज्याच्या कायद्याने या पट्टीला १,००० डॉलरमागे ५० सेंटची कमाल मर्यादा घातलेली आहे.

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. तोच दर लावला तर १ कोटी भांडवली मूल्यावर (करासाठी बाजारभावावरून धरलेली घराची किंमत) वर्षाला २,६५० रुपये होतात, आणि आपल्याकडे २०१० पासून कर भांडवली मूल्यावर आला तेव्हापासून त्याच्या नियमांवरून इतकी कोर्टबाजी झालीय की (नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही पालिकेचे काही नियम रद्दच ठरवले) त्यात आणखी एक पट्टी घुसवणं म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघणं. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. तिथे पैसा कशासाठी हे आधी लिहिलेलं असतं, किती वर्षांसाठी तेही लिहिलेलं असतं, आणि मुदत संपताना लोकांसमोर परत यावं लागतं म्हणून गाडी किती मिनिटांत पोचली हा हिशोब ठेवावाच लागतो. नाव, मुदत, हिशोब. या तिन्ही गोष्टी नवीन कराशिवायही मागता येतात.

पायरी ५: माहिती अधिकाराचा अर्ज

महाराष्ट्रात अर्जाला दोन अटी आहेत, विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. या अटीवरच कितीतरी अर्ज परत येतात. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या पोर्टलवर ऑनलाईन करा. 'का नाही', 'कधी करणार' असले प्रश्न घालू नका, माहिती म्हणजे फाईलमध्ये असलेला कागद, खुलासा नाही. आम्ही वापरलेला मसुदा थोडा बदलून देते:

'विषय: अमुक विभागातील महापालिका रुग्णालये, प्रसूतिगृहे व दवाखाने यांच्याकडील रुग्णवाहिका. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. हवी असलेली माहिती: प्रत्येक रुग्णवाहिकेचा प्रकार (एआयएस-१२५ नुसार ए, बी, सी किंवा डी) व मिळाल्याची तारीख, कालावधीत किती दिवस बंद होती, चालक व तंत्रज्ञांची मंजूर पदे, भरलेली पदे, पाळीनिहाय, लॉगबुकच्या प्रती (रुग्णाचे नाव वगळून), पगार, इंधन व दुरुस्तीवर झालेला खर्च आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवला आहे.'

एआयएस-१२५ हे लिहायला विसरू नका. हे ॲम्ब्युलन्सचं देशातलं मानक आहे, ए म्हणजे बाईकसारखं पहिलं पोचणारं वाहन, बी म्हणजे नुसती पेशंट नेणारी गाडी, सी बीएलएस, डी एएलएस. हे विचारलं नाही तर शववाहिनी सोडून चार चाकं असलेलं सगळं ॲम्ब्युलन्समध्ये मोजून पाठवतात. आणि शेवटचा लेखाशीर्षाचा, म्हणजे बजेटमधल्या त्या खर्चाच्या ओळीच्या नावा-नंबराचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या नंबराशिवाय बजेटच्या पुस्तकात काहीच सापडत नाही.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, ते मात्र लांबतं. आमचं पहिलं उत्तर 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असं आलं होतं. अपिलात आम्ही म्हटलं मग आम्हाला लॉगबुकं बघू द्या, कागद प्रत्यक्ष बघायचा हक्क कायद्यात आहे. दोघी जणी जाऊन बसलो, दोन दुपारी गेल्या, आणि रात्री ११ ते सकाळी ७ मधल्या नोंदी जवळजवळ कोऱ्या होत्या ते डोळ्याने बघितलं. ते पान आमच्या सगळ्या पत्रांना जोडलेलं असतं.

पायरी ६: बजेटचं पुस्तक

पालिकेच्या साईटवर मिळतं. जाड असतं, घाबरू नका, आपल्याला मोजकी पानं लागतात. पालिकेचं बजेट अक्षरांनी वाटलेलं असतं, शिक्षणाचं 'ई', पाणी आणि मलनिःसारणाचं 'जी', आरोग्य 'ए' मध्ये. आयुक्तांचं भाषण सगळे वाचतात, त्यात योजनांची नावं असतात, तुम्ही ते सोडा आणि लेखाशीर्षाच्या तक्त्यात जा. तिथे एका ओळीसमोर वेगवेगळे रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज.

प्रत्यक्ष खर्चाचा रकाना आधी वाचा. पुढच्या वर्षाचा अंदाज कितीही मोठा छापता येतो. खरं काय झालं ते 'प्रत्यक्ष' सांगतं. एखाद्या ओळीत दर वर्षी पैसे धरले जातात आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही खर्च होत नाहीत असं दिसलं तर तुमची मागणी बदलते, मग पैसे वाढवा असं म्हणून उपयोग नाही, पदं भरा असं म्हणावं लागतं. बऱ्याचदा ॲम्ब्युलन्सचा पगार एका ठिकाणी, डिझेल 'वाहने' म्हणून भलत्याच ठिकाणी आणि खरेदी तिसऱ्या ठिकाणी असते, त्यामुळे एकूण किती हे खुद्द खात्यातल्या माणसालाही पटकन सांगता येत नाही. याच कारणाने मी वेगळं लेखाशीर्ष मागते. जे एका ओळीत दिसत नाही त्याच्याबद्दल जाब विचारता येत नाही.

पायरी ७: पत्र, आणि ते कधी

बजेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडलं जातं आणि लोक फेब्रुवारीतच जागे होतात. तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं. खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात, तेव्हा गणपती उरकले की पत्र तयार ठेवा आणि दिवाळीच्या आत पोच घेऊन द्या. पोचेचा शिक्का असलेली प्रत हाच तुमचा पुरावा. गेली काही वर्षं पालिका बजेटआधी नागरिकांकडून सूचनाही मागवते, तिथेही हाच मजकूर पाठवा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका.

कुणाला द्यायचं? वॉर्ड ऑफिसमधले आरोग्य अधिकारी (सगळे एमओएच म्हणतात) यांना मूळ पत्र, कारण मागणी वर पाठवायची ती त्यांनी. प्रत वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना, प्रत कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांना, आणि प्रत तुमच्या नगरसेवकाला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघायचे, तेव्हा आमची पत्रं फिरत राहायची. आता निवडून आलेला माणूस आहे तर त्याच्याकडून प्रभाग समितीत विषय मांडून घ्या, मिनिट्समध्ये नोंद झाली की तो विषय सहजासहजी गायब होत नाही.

पत्रात भावनिक काही लिहू नका, ते बोलताना सांगा. पत्रात चारच गोष्टी. मापदंडाने किती गाड्या हव्यात आणि किती आहेत. रात्रपाळीत किती चालतात, लॉगबुकचं पान जोडून. एका गाडीचा वर्षाचा खर्च. आणि मागणी: वॉर्डासाठी अमुक गाड्या तिन्ही पाळ्यांत चालवण्याचा महसुली खर्च वेगळ्या लेखाशीर्षाखाली तीन वर्षांसाठी धरावा, आणि किती फोन आले, किती मिनिटांत गाडी पोचली हे दर तीन महिन्यांनी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावावं.

'ॲम्ब्युलन्स हे राज्याचं काम आहे' असं उत्तर येईल. आम्हाला दोनदा आलं. त्याला उत्तर तयार ठेवा: १८८८ च्या त्याच कायद्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिलीत, त्यात सार्वजनिक हॉस्पिटलं आणि दवाखाने चालवणं आहे आणि लोकांच्या वैद्यकीय मदतीसाठी लागणाऱ्या इतर उपाययोजना करणंही आहे. पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचवणं ही वैद्यकीय मदत नाही असं कुणीही सही करून लिहून देणार नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतही नगरपालिकांच्या कामांत सार्वजनिक आरोग्य आहे. शांतपणे हे कलम दाखवा, वाद घालू नका, आणि 'राज्याकडे पाठवतो' म्हणाले तर जावक क्रमांक मागा.

पायरी ८: मंजूर झाल्यावर

आमच्याकडे वेगळं लेखाशीर्ष अजून झालेलं नाही. पण दुसऱ्या वर्षी त्या उभ्या गाडीला कंत्राटी का होईना रात्रीचे ड्रायव्हर मिळाले, आणि गाडी रात्री निघते, मी स्वतः रात्री जाऊन बघितलंय. कंत्राटाची मुदत संपायच्या तीन महिने आधी परत पत्र जातं, ते काम आता सोसायटीतल्या एका कॉलेजच्या मुलीने अंगावर घेतलंय आणि ती माझ्यापेक्षा चिकाटीची आहे.

पैसे मंजूर झाले की ऑक्टोबरमध्ये चौकशी करा, सहा महिन्यांत किती खर्च झाले. सुधारित अंदाजाच्या वेळी न वापरलेले पैसे दुसरीकडे वळवले जातात आणि मग पुढच्या वर्षी तेच कारण सांगतात की मागच्या वेळी खर्च झाले नव्हते.

दुसरं, आपल्या गेटवरचं काम आपणच करायचं असतं. गाडी ९ मिनिटांत आली आणि गेटसमोर डबल पार्किंगमुळे ६ मिनिटं बाहेर थांबली असं आमच्याकडेच झालंय. फायर इंजिनसाठी मोकळी ठेवायची जागा मोकळी ठेवा, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का ते एकदा टेपने मोजून बघा, मावत नसेल तर पेशंटला बसवून उतरवायची घडीची खुर्ची आणून ठेवा, आणि रस्त्यावर ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे हे सोसायटीच्या बोर्डावर लावा.

आणि वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही ठेवा. आमच्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, कुठल्या नंबरला फोन लावला, फोनची वेळ, गाडी गेटवर आली ती वेळ, पेशंट घेऊन निघाली ती वेळ. पेशंटचं नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. आजूबाजूच्या ११ सोसायट्या आणि मागच्या वस्तीतलं महिला मंडळ आता अशीच वही ठेवतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांच्या पानांचे फोटो एका ग्रुपवर येतात आणि ते एका तक्त्यात भरायला मला साधारण अर्धा तास लागतो.